‘सेल्फ गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

जुलैतली सकाळ, रात्रभर पाऊस पडून गेलेला. खालच्या मजल्यावरचे काका गाडीत बसून किल्ली फिरवत होते आणि बॉनेटखालून नुसता ‘टक्’ असा आवाज येत होता. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक्’. मेकॅनिकने फोनवरच निदान सांगून टाकलं होतं : “सेल्फ गेलाय काका, नवीन टाकावा लागेल.” मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे पुढचा फोन मला आला. काकांनी विचारलं, “गेलाय म्हणजे त्याला झालंय तरी काय?”

पोट दुखतंय म्हणून गेलेल्या माणसाला डॉक्टरने ‘पोट गेलंय’ एवढंच सांगावं, तसलं हे वाक्य आहे. सेल्फ, म्हणजे कागदोपत्री ज्याला स्टार्टर मोटर म्हणतात तो, ही काही एक वस्तू नव्हे. त्यात सात-आठ भाग असतात, प्रत्येकाची बिघडायची तऱ्हा निराळी आणि प्रत्येकाची तपासणीही निराळी. बहुतेक तपासण्या साध्या मल्टीमीटरने (व्होल्ट, ओहम मोजणारा छोटा मीटर) किंवा बॅटरीला जोडलेल्या बल्बने होतात आणि उत्तर हो किंवा नाही असं रोखठोक मिळतं. पावसाळ्यात हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

दहा सेकंदांचा पहिलवान

इंजिन आपणहून सुरू होऊ शकत नाही. हवा आणि इंधन आत ओढलं जाणं, दाबलं जाणं, पेटणं हे सगळं आतला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरत असेल तरच घडतं. म्हणजे फिरायला लागण्यासाठी आधी कुणीतरी फिरवायला हवं. पूर्वी हे काम माणूस लोखंडी हँडलने करायचा. जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला ज्यांनी हँडल मारलंय त्यांना आठवत असेल, इंजिनाने उलटा हिसका दिला तर मनगट कामातून जायचं. १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडलची सक्ती संपायला सुरुवात झाली. तो बनवणारा चार्ल्स केटरिंग त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. तिथे त्याने दुकानातला गल्ला विजेवर चालवायला छोटी मोटर बसवली होती. त्यातलीच अक्कल त्याने इथे वापरली : मोटर दिवसभर चालवायची नसेल, फक्त क्षणभर जोर काढायचा असेल, तर ती चिमुकली असली तरी भागतं.

आजचा सेल्फही याच हिशोबावर उभा आहे. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण १०० ते १५० अँपिअर करंट ओढतो, डिझेल गाडीचा याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. दहा व्होल्टला १५० अँपिअर म्हणजे १५०० वॉट. आंघोळीच्या बादलीत सोडायच्या हीटरएवढी ताकद तुमच्या मनगटाएवढ्या जाडीच्या मोटरमध्ये कोंबलेली असते. म्हणून सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि पुन्हा मारण्याआधी अर्धा मिनिट तरी थांबावं.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घेतली की पुढचं सोपं जातं. ही मोटर थांबलेली असते तेव्हा सगळ्यात जास्त करंट ओढते आणि जोरही तेव्हाच सगळ्यात जास्त लावते. भरलेली हातगाडी हलवताना पहिला रेटा मोठा लागतो, तसंच. फिरू लागली की मोटर स्वतःच उलट बाजूने थोडी वीज तयार करते आणि येणाऱ्या करंटला आवर घालते. पण आतून काही अडकलं आणि ती फिरलीच नाही, तर हा आवर बसत नाही. करंट टिपेला राहतो आणि काही सेकंदांत आतलं इन्सुलेशन करपायला लागतं. किल्ली धरून ठेवणाऱ्या हाताने किती सेल्फ जाळलेत याची मोजदाद नाही.

आधी बाहेरच बघा

सेल्फ खोलण्याआधी बॅटरी बघायची. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. किल्ली फिरवलेली असताना आकडा ९.६च्या खाली गेला तर संशय आधी बॅटरीवर घ्यायचा.

मीटर नसेल तर हेडलाइट लावा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. दिवा तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ मुका, तर करंट तिथवर पोचतच नाही. स्विच, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) आणि सेल्फवर बसलेला सोलेनॉइड (त्याच्याबद्दल पुढे) बघायचं. दिवा मरतुकडा झाला तर एक तर बॅटरी दमली आहे किंवा सेल्फ आतून अडकून भसाभस करंट ओढतोय. दोन्हींपैकी नेमकं काय, हे चांगली बॅटरी लावून पाहिल्यावर कळतं.

काकांच्या गाडीत बॅटरी १२.५ दाखवत होती. सेल्फ मारताना ११.८. म्हणजे बॅटरीवर ओझंच पडत नव्हतं. मग मी ती तपासणी केली जी निम्म्या गॅरेजमध्ये कुणी करत नाही आणि जिच्यामुळे निम्मे चांगले सेल्फ भंगारात जातात.

तिला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात, आणि ती समजायला चाळीतला वरचा मजला आठवावा. गच्चीवरची टाकी भरलेली, पाइपातही पाणी. नळ बंद असताना दाब अगदी पुरेसा. नळ सोडला की करंगळीएवढी धार. कारण मधला पाइप गंजून आतून बुजलेला. नळ बंद असताना हे कधीच कळत नाही, पाणी वाहायला लागल्यावरच कळतं. वायरीचंही तसंच. बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाड केबल, आणि इंजिनाच्या अंगावरून परत बॅटरीकडे येणारी अर्थची पट्टी. यातल्या एखाद्या जोडाला गंज धरला आणि तिथे एका ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा तयार झाला, तर मल्टीमीटरला तो ओहम मोजण्याच्या खाचेवर दिसणारही नाही. पण १५० अँपिअर वाहायला लागले की त्या एका जोडावर दीड व्होल्ट खर्ची पडतो. बारा व्होल्टच्या संसारात दीड व्होल्ट म्हणजे पगारातला आठवा हिस्सा.

मोजायचं असं : मीटर व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (केबलच्या क्लॅम्पवर नाही, थेट खांबावर), दुसरं सेल्फच्या उघड्या धातूच्या अंगावर. आता सेल्फ मारायचा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असायला हवा. मग हेच प्लसच्या बाजूला करायचं, बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड नटापर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. काकांच्या गाडीत अर्थच्या बाजूला मीटरने चार व्होल्टच्या वर उडी मारली. गिअरबॉक्सवर अर्थची पट्टी जिथे बसते, तिथल्या बोल्टखाली हिरवट पांढरी बुरशी साचली होती. बोल्ट काढला, जागा पॉलिश पेपरने घासली, पट्टीचं टोक घासलं, आवळलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. काकांना आनंद झाला आणि थोडा रागही आला, तो कुणावर हे त्यांनी सांगितलं नाही.

दोन सूचना इथेच देतो. गाडी न्यूट्रलला हवी आणि हँडब्रेक ओढलेला. आणि बॅटरीवर काम करताना बोटातली अंगठी, हातातलं कडं काढून ठेवा. पाना प्लसला आणि अंगठी बॉडीला लागली तर ती क्षणात लाल होते. सेल्फ खाली काढायचा असेल तर आधी बॅटरीची मायनस वायर काढायची, मगच बाकीचं.

आणि गाडी खरोखर पाण्यात बुडालेली असेल तर सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दबत नाही. सेल्फच्या जोराने किंवा इंजिन तशातच पेटलं तर त्या हिसक्याने पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खर्चाचा आकडा वेगळ्याच जातीचा होतो.

सोलेनॉइड : पोतं उचलायला दोघं, धरायला एक

बाहेर सगळं ठीक असेल तर सेल्फ टेबलावर येतो. त्याच्या पाठुंगळीला बसलेली छोटी नळी म्हणजे सोलेनॉइड, एक विद्युतचुंबक. किल्ली फिरवली की तो आतला लोखंडी दांडा खेचतो. दांड्याच्या एका टोकाला फोर्क, म्हणजे चिमट्यासारखा तरफा असतो. तो छोट्या दातेरी चाकाला, पिनियनला, पुढे ढकलून इंजिनाच्या मोठ्या दातेरी कड्यात अडकवतो. दांड्याच्या दुसऱ्या टोकाशी तांब्याची चकती असते, ती दोन जाड बोल्टांवर आपटते आणि मुख्य करंट मोटरला मिळतो. ऐकू येणारा ‘टक्’ तो याचाच.

सोलेनॉइडच्या आत एक नाही, दोन कॉइल असतात. धान्याचं पोतं पाठीवर चढवायला दोघं लागतात, एकदा चढलं की एकटा धरून चालतो. तसंच इथे खेचायला दोन्ही कॉइल लागतात, आणि दांडा आत बसला की त्यातली एक आपोआप गप्प होते, दुसरी नुसती धरून ठेवते. त्यामुळे तपासणीही तीन पायऱ्यांची. सोलेनॉइडवर किल्लीच्या वायरीचं टर्मिनल बहुतेक ठिकाणी ‘५०’ या आकड्याने ओळखतात, आणि मोटरकडे जाणाऱ्या जाड वायरीच्या टर्मिनलला कुठे ‘सी’ तर कुठे ‘एम’ म्हणतात. मोटरची ती जाड वायर सोडवून ठेवायची. मग बॅटरीचा प्लस ‘५०’ला, मायनस बॉडीला आणि ‘सी’ला. पिनियन खाडकन बाहेर यायला हवं. आता ‘सी’वरची मायनस काढा : पिनियन बाहेरच राहिलं पाहिजे, कारण धरणारी कॉइल अजून कामावर आहे. शेवटी बॉडीची मायनस काढा : पिनियन झटकन आत. हे सगळं तीन-चार सेकंदांत उरकायचं, नाहीतर कॉइल तापतात.

दुसऱ्या पायरीला पिनियन मागे पळालं तर धरणारी कॉइल तुटलेली. अशी गाडी किल्ली फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ असा सुतारपक्ष्यासारखा आवाज करते. मात्र बॅटरी उतरल्यावरही अगदी हाच आवाज येतो, म्हणून आवाजावरून निकाल द्यायचा नाही.

तिन्ही पायऱ्या पास आणि तरीही गाडीत एकच ‘टक्’ येऊन पुढे काही नाही, तर ती तांब्याची चकती बघायची. दर वेळी ठिणगी पडून पडून तिच्यावर काळे खड्डे पडतात. काही सोलेनॉइड उघडता येतात, त्यात चकती उलटी करून बसवली की आणखी काही वर्षं निघतात. बंद डब्याचे असतील तर सोलेनॉइड तेवढा बदलायचा, आख्खा सेल्फ नव्हे.

आर्मेचर आणि गुणगुणणारं पातं

मोटरच्या मध्ये फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. लोखंडी चकत्यांच्या खाचांतून जाड तांब्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि एका टोकाला तांब्याच्या फाकांचं गोल, कॉम्युटेटर. संत्र्याच्या फोडी उभ्या मांडाव्यात तशा या फाका. दोन फाकांच्या मध्ये अभ्रकाची किंवा तसल्याच न वाहणाऱ्या पदार्थाची चीप.

आधी डोळ्यांनी बघायचं. फाका निळ्या-काळ्या पडल्यात का? आर्मेचरच्या लोखंडावर एका बाजूने चकाकते ओरखडे आहेत का? असतील तर दोन्ही टोकांचे बुश, म्हणजे आर्मेचरचा दांडा (शाफ्ट) ज्यांत फिरतो त्या कड्या, झिजलेत आणि आर्मेचर फिरताना बाजूच्या चुंबकांना घासतंय. जुन्या सेल्फच्या खोळीत आतून डाकेचे (सोल्डरचे) थेंब उडून चिकटलेले सापडतात. कुणीतरी मिनिटभर किल्ली धरून ठेवली होती याचा तो पुरावा, मालकाने कितीही नाही म्हटलं तरी.

मग मीटर, वीज जायला वाट असेल तर ‘बीप’ वाजतो त्या खाचेवर. एक टोक कुठल्याही फाकेवर, दुसरं शाफ्टवर : मीटर वाजता कामा नये. वाजला तर तांबं लोखंडाला टेकलंय, ‘आर्मेचर बॉडी झालं’ म्हणतात ते. नंतर शेजारच्या दोन-दोन फाकांवर टोकं ठेवत पूर्ण गोल फिरायचं : इथे प्रत्येक ठिकाणी मीटर वाजायलाच हवा. कुठे गप्प बसला तर तिथली जोडणी तुटली.

पण तिसरा एक दोष असतो जो मीटरला कळत नाही : शेजारच्या दोन वेढ्यांमधलं इन्सुलेशन जळून ते एकमेकांना चिकटतात. तांबं इतकं जाड असतं की चिकटलेलं काय आणि न चिकटलेलं काय, मीटर दोन्हीला शून्यच म्हणतो. त्यासाठी ग्राउलर लागतो.

दरवर्षी मी पोरांना स्टँडमागच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे नेतो. ग्राउलर आमच्या लॅबमध्येही आहे, पण त्यांच्या हातात तो बोलतो. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा लोखंडी पाळणा, त्याखाली कॉइल, घरातल्या विजेवर चालणारा. मिस्त्री पाळण्यात आर्मेचर ठेवतात आणि मगच स्विच टाकतात. रिकामा ग्राउलर चालू केला तर तोच तापतो. खोलीत बारीक घरघर सुरू होते. मग ते जुन्या हॅक्सॉचं पातं आर्मेचरच्या माथ्यावर खाचेला समांतर, अगदी हलकं धरतात आणि डाव्या हाताने आर्मेचर सावकाश फिरवतात. एक खाच, दुसरी, तिसरी, पातं शांत. पाचव्या-सहाव्या खाचेवर पातं अचानक फडफडायला लागतं, एखादी गांधीलमाशी डब्यात अडकावी तसं. “धर,” म्हणत ते पातं पोराच्या हातात देतात. ज्याच्या बोटांना ती थरथर एकदा लागली त्याला शॉर्ट आर्मेचरची व्याख्या पुन्हा विचारावी लागत नाही.

होतं असं की ग्राउलर आणि आर्मेचर मिळून ट्रान्सफॉर्मर बनतो. चांगल्या आर्मेचरमध्ये करंटला फिरायला मोकळी वाट मिळत नाही. चिकटलेल्या वेढ्यांचं मात्र बंद कडं झालेलं असतं, त्यात करंट खेळतो, तिथे चुंबकत्व तयार होतं आणि आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे पातं सेकंदाला १०० वेळा खेचलं-सोडलं जातं.

कॉम्युटेटर नुसता मळका असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ होतो. एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण वीज वाहतात आणि फाकांमध्ये अडकले तर नवाच शॉर्ट. झीज मोजायची तर आर्मेचर दोन ‘व्ही’ ठोकळ्यांवर ठेवून डायल गेज (बारीकसा फरक काट्याने दाखवणारं माप) लावतात. बऱ्याच मॅन्युअलमध्ये गोलाईतला फरक ०.०५ मिलिमीटरपर्यंत मान्य असतो. म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा जास्त नाही. फाकांमधलं अभ्रक तांब्यापेक्षा ०.२ मिलिमीटर तरी खाली हवं. तांबं झिजतं, अभ्रक झिजत नाही, ते वर आलं की कार्बन (कॉम्युटेटरला टेकून वीज देणारे ठोकळे, त्यांच्याबद्दल पुढे) त्याच्यावरून उड्या मारत जातात.

फिल्ड, किंवा त्याच्या जागी चुंबक

जुन्या आणि मोठ्या सेल्फमध्ये खोळीच्या आतून चार कॉइल बसवलेल्या असतात, त्यांना फिल्ड म्हणतात. तपासणी दोन वाक्यांची : एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मीटर वाजला पाहिजे, टोकापासून बॉडीला वाजता कामा नये.

हल्लीच्या लहान गाड्यांत फिल्डच्या जागी कायमचे चुंबक असतात आणि जोर वाढवायला पुढे छोटे गिअर. इथे मीटरचं काही काम नाही, डोळ्यांनी तडा गेलाय का ते बघायचं. हे चुंबक चिनीमातीच्या कपासारखे ठिसूळ असतात, हातोडी सोसत नाहीत. एक गंमत सांगायची तर फिल्डवाल्या जुन्या मोटरला बॅटरी उलटी जोडली तरी ती सुलटीच फिरते, चुंबकवाली मात्र उलटी फिरते. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो.

कार्बन, आणि पाना आपटल्यावर गाडी का चालू होते

फिरत्या कॉम्युटेटरला वीज द्यायला त्यावर टेकून बसणारे ठोकळे म्हणजे ब्रश. गॅरेजमध्ये सगळे त्यांना कार्बन म्हणतात. सेल्फमध्ये खरं तर ग्रॅफाइटबरोबर भरपूर तांबं मिसळलेलं असतं. पेन्सिल जशी लिहून लिहून आखूड होते तसे ते झिजतात. मूळ लांबीच्या निम्म्यावर आले की बदलायचे. आखूड कार्बनवर मागच्या स्प्रिंगचा दाब नीट बसत नाही, मधूनच टेकतो, मधूनच सुटतो.

ड्रायव्हर मंडळी सेल्फवर पाना आपटून गाडी चालू करतात ती यामुळेच. धक्क्याने अडकलेला कार्बन क्षणभर कॉम्युटेटरवर टेकतो, किंवा काजळलेल्या चकतीची जागा हलते. ही युक्ती चालली म्हणजे कार्बन नाहीतर चकती संपत आली हे जवळजवळ नक्की. घरी पोचायला ठीक आहे. मात्र चुंबकवाल्या सेल्फच्या खोळीवर आपटू नका, कारण वर सांगितलंय.

कार्बन आपल्या घरात, म्हणजे तो ज्या खोबणीत बसतो तिथे, मोकळा सरकायला हवा. चारपैकी दोन घरं बॉडीला जोडलेली असतात, दोन बॉडीपासून वेगळी. वेगळ्या घरांपासून बॉडीला मीटर वाजता कामा नये. कार्बनची भुकटी आणि तेल यांचा लगदा साचला तर तोच वीज झिरपवतो. आधी लगदा पुसा आणि पुन्हा मोजा, मगच घर बाद ठरवा.

बेंडिक्स : सायकलची फ्रीव्हील

पिनियन आणि त्यामागचा क्लच यांना मिळून आपल्याकडे बेंडिक्स म्हणतात. इंजिनाच्या कड्याला समजा १२० दाते आहेत आणि पिनियनला १०. इंजिन मिनिटाला २०० वेळा फिरवायचं तर पिनियन २४०० वेळा फिरणार. आता इंजिन पेटलं, चालकाने घाबरून रेस दिली, इंजिन ३००० वर गेलं आणि किल्ली अजून हातातच. पिनियन तेव्हा ३६,००० च्या वेगाने फिरतं. तोच वेग आर्मेचरला लागला तर त्यातल्या पट्ट्या बाहेर फेकल्या जातील. म्हणून मध्ये एकाच बाजूने पकडणारा क्लच असतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. पायडल मारलं की चाक फिरतं, उतारावर चाक फिरलं तरी पायडल फिरत नाही.

तपासणीही सायकलवाल्याचीच. हातात धरून पिनियन फिरवा, एका बाजूने मोकळं, दुसऱ्या बाजूने घट्ट. दोन्हीकडे फिरलं तर क्लच घसरतोय; अशा गाडीत सेल्फ ‘घुंईं’ करत एकटाच फिरतो आणि इंजिन ढिम्म हलत नाही. बेंडिक्स पेट्रोल-रॉकेलमध्ये बुडवून धुवायचा मोह टाळावा. आतलं ग्रीस कायमचं धुतलं जातं आणि महिन्याभरात तो परत येतो.

आणि सेल्फ खाली काढलेलाच आहे तर टॉर्च लावून त्या भोकातून इंजिनाच्या दातेरी कड्याकडे बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोनच जागी थांबतं, तीन सिलिंडरचं तीन जागी. त्यामुळे पिनियनची धडक तिथल्याच दातांना बसते आणि तेवढेच दाते झिजतात. गाडी कधी करकर आवाज करते, गिअरमध्ये टाकून पुढेमागे जरा ढकलली की चालू होते, ते या कारणाने. इथे नवा सेल्फ टाकला तर नव्या पिनियनचे दातही जाणार.

मोकळं फिरवून बघणं

सगळं जोडल्यावर सेल्फ शिकंज्यात घट्ट आवळायचा (हातात धरायचा नाही, पहिल्या झटक्याला तो मनगट फिरवतो) आणि मधे अँपिअर मीटर घालून बॅटरी लावायची. गाडीच्या सेल्फला मोकळं फिरताना साधारण ५० ते ९० अँपिअर पुरतात आणि वेग ३००० च्या वर जातो. नेमके आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यायचे. करंट जास्त आणि वेग कमी असेल तर बुश घट्ट, आर्मेचर घासतंय किंवा शॉर्ट आहे. करंटही कमी, वेगही कमी तर कार्बन नाहीतर मळका कॉम्युटेटर. करंट प्रचंड आणि फिरतच नाही, तर आत काहीतरी थेट बॉडी झालंय किंवा जाम आहे. काही सेकंदांतच बंद करायचं. एरवीही ही चाचणी लांबवायची नाही, कारण फिल्डवाली मोटर ओझ्याशिवाय वेग वाढवतच जाते.

“एवढ्या उठाठेवीपेक्षा नवीनच टाकला तर?”

हा प्रश्न रास्त आहे. आर्मेचर शॉर्ट, चुंबक तडकलेले, खोळ घासलेली असं सगळं एकत्र निघालं तर मीही नवीनच सांगतो. रिवाइंडिंगची (तांबं नव्याने गुंडाळण्याची) मजुरी आणि भरवसा यांचा मेळ लहान गाडीच्या सेल्फला हल्ली बसत नाही. ट्रक-बसच्या २४ व्होल्टच्या मोठ्या सेल्फला अजून बसतो. पण कार्बन, बुश, सोलेनॉइडची चकती यांपैकी एखाद्या गोष्टीसाठी सेल्फ बदलणं म्हणजे चप्पलचा अंगठा तुटला म्हणून नवे बूट घेणं. गॅरेजवाल्याची बाजूही असते : सुटा कार्बन टाकून दिला आणि पंधरा दिवसांनी बुश गेला तर शिव्या त्यालाच. म्हणून त्याला “सर्व्हिसिंग करून द्या, काय बदललं ते जुने भाग मला दाखवा” असं सांगावं. चांगला कारागीर याने दुखावत नाही.

“धक्का मारून भागतंय की!” हेही ऐकतो. साध्या गिअरच्या गाडीला भागतं. ऑटोमॅटिक गाड्या धक्क्याने चालू होत नाहीत.

“सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीचा सेल्फ लवकर जात असेल ना?” अशा गाड्यांना मुळात दणकट सेल्फ आणि वेगळी बॅटरी देतात. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत गरम इंजिन पुन्हा चालू करण्याचं काम पट्ट्याने जोडलेला जनरेटरच करतो, नेहमीचा सेल्फ थंड इंजिनापुरता. अशा गाडीला साधी बॅटरी बसवून पैसे वाचवू नयेत.

यंदा एका पोराने स्कूटर आणली आणि म्हणाला, “सर, हिचा सेल्फ सापडत नाही.” २०२० ची अ‍ॅक्टिव्हा ६जी होती. तिला वेगळा सेल्फ नाहीच. क्रँकशाफ्टवर बसलेला जनरेटरच उलट चालून मोटर होतो, म्हणून ती ‘खर्रर’ न करता गुपचूप चालू होते. त्यात कार्बन नाही, कॉम्युटेटर नाही, बेंडिक्स नाही, ग्राउलरला काम नाही. तीन वायरी बाहेर येतात. कुठल्याही दोघींमध्ये मोजलं तर अडथळा सारखाच यायला हवा आणि तिघींपैकी एकही बॉडीला वाजायला नको. पोराने तिन्ही मोजल्या, तिन्ही चांगल्या निघाल्या. मग त्याने बॅटरी बघितली. मायनसचा स्क्रू बोटानेच फिरत होता.